फाटक उशिरा उघडलं

सोमवार, १७ जून

शहाणे,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजच्या दोन ओळींत मला धड भांडता येत नाही, म्हणून हे पत्र. पत्ता मावशीकडून मिळवला. सहजासहजी देईना. सख्खी बहीण माझी, पण वकीलपत्र तुझं घेतलंय तिने. म्हणाली, ताई, तिला जरा वेळ दे. म्हटलं, वर्ष उलटून गेलं, आता काय युग देऊ? शेवटी दिला, पण रागावून लिहिणार नाही असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. तर मी रागावून लिहीत नाहीये. माझं अक्षरच तसं आहे.

बातमी अशी, की मी कॉलेजात नाव घातलंय. हसून घे. हॉस्पिटलच्या लाँड्रीत मला आता कायमची सकाळची पाळी मिळाली आहे, दुपारनंतर मी मोकळी. आणि इथल्या कॉलेजात नोकरी करणाऱ्यांसाठी दुपारचा वर्ग निघालाय. खिडकीतल्या क्लार्कने विचारलं, मुलीची ॲडमिशन का? म्हटलं, मुलगी शिकूनसवरून शहाणी झाली, आता आईचा नंबर. विषय कोणता, तर साहित्य. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, बाई, अकाउंट्स घ्या ना, काहीतरी उपयोगी पडेल. उपयोगी पडणारं मी आयुष्यभर केलंय, असं म्हणावंसं वाटलं. पण रांग मोठी होती.

का घेतलं ते सरळ सांगते. जायच्या आदल्या दिवशी तू पुस्तकांच्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होतीस. मी विचारलं, एवढी हॉस्पिटलच्या ऑफिसातली पक्की नोकरी सोडून परक्या शहरात साहित्य शिकायला जायचं, असं आहे तरी काय या पुस्तकांत? तू वर बघितलं नाहीस. म्हणालीस, "तुला नाही कळायचं, आई." ओरडून म्हणाली असतीस तर मीही ओरडले असते आणि विषय संपला असता. तू अगदी शांतपणे म्हणालीस, दुधात पाणी आहे असं म्हणावं तसं.

ते वाक्य मी वर्षभर चघळतेय. घशाखाली जात नाही आणि थुंकताही येत नाही. मला ते खोटं पाडायचंय, बाकी काही नाही.

मावशी म्हणते, तुझा राग वेगळाच आहे. तू निघालीस त्या सकाळी मी कामावर गेले, त्याचा आहे. गेले. पाळी होती. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

तुझी, आता विद्यार्थिनी झालेली,
आई

*

गुरुवार, ११ जुलै

शहाणे,

उत्तर नाही. ठीक आहे. तू नाही तर नाही, टपालखात्याचं तरी भलं होऊ दे.

वर्गात आम्ही मूठभर माणसं आहोत. बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत, सगळ्यांच्या आधी हात वर करतात. एक पार्लरवाली आहे, माझ्या शेजारी बसते आणि माझ्या भुवयांकडे बघून उसासे टाकते. शिकवायला जी मॅडम आहे ती तुझ्याहूनही लहान असावी. पहिल्या दिवशी मला वर्ग सापडेना, तर जिन्यात उभ्या असलेल्या एका मुलीला विचारलं, बाळ, साहित्याचा वर्ग कुठे भरतो गं? ती मला हाताला धरून वर्गात घेऊन गेली, बाकावर बसवलं आणि टेबलामागे जाऊन उभी राहिली. म्हटलं, झाली आपली सुरुवात.

पण ती दिसते तेवढी मऊ नाही. तिचा एक नियम आहे. मत कोणतंही द्या, वेडंवाकडं द्या, पण आधी पानावर बोट ठेवा. ज्या ओळीवरून तुम्हाला ते वाटलं ती ओळ दाखवायची. लेखकाला काय म्हणायचं असेल, शेजारी काय म्हणतात, थोर लोक काय म्हणून गेले, काही चालत नाही.

पहिली कथा एका रेल्वेच्या फाटकावरची आहे. म्हातारा गेटमन, बायको वारलेली, एकच मुलगी. तिला दूर कुठेतरी काम मिळालंय. घरात बरंच वाजलेलं असतं. ती ज्या गाडीने निघते ती गाडी त्याच्याच फाटकावरून जाते. ती डब्याच्या दारात उभी राहते, बाप दिसेल म्हणून. तो झेंडा घेऊन उभा असतो, पण वर बघत नाही. चाकांकडे बघतो. मुलगी हात हलवते, गाडी निघून जाते. मग पुढे सगळी मुलीची गोष्ट. तिचा प्रवास, तिचं नवं शहर, बापाला पत्र न टाकणं.

मी वाचली. दोनदा वाचली. कळलं काय, तर माणूस गाडीने गेला. एवढ्यासाठी पुस्तक छापलं?

मग घाबरून चौकातल्या दुकानातून गाईड आणलं. त्यात सगळं तयार होतं. वर्गात उभी राहून एका दमात म्हणून टाकलं, की फाटक हे नियतीचं प्रतीक असून गेटमनच्या ठायी कर्तव्यकठोरतेचा परमोच्च बिंदू आढळतो. मॅडम म्हणाली, छान, आता बोट ठेवा. मी पुस्तक उघडलं. बोट पानावर नुसतं फिरत राहिलं, त्याला बसायला कुठे जागाच मिळेना. बँकवाले काका खोकले. त्यांच्याकडे तेच गाईड आहे, मी पिशवीत बघितलंय.

घरी येऊन मी इतकी चिडले की म्हटलं, पानच हवंय ना हिला, घे पान. ते गाडी जातानाचं अख्खं पान पाठ केलं आणि पुढच्या तासाला उभी राहून घडाघडा म्हणून दाखवलं. एक अक्षर चुकलं नाही. पार्लरवालीने टाळ्या वाजवल्या.

मॅडम म्हणाली, "पाठ झालंय. आता वाचा."

या पोरीचं मी काय घोडं मारलंय, ते सांग मला.

तुझी,
पाठांतरात पहिली

*

शुक्रवार, ३० ऑगस्ट

अगं ए,

मी सोडणार आहे. सांगून ठेवते, म्हणजे नंतर मावशीकडून कळायला नको.

चाचणीचा निकाल लागला. माझ्या पेपरावर मॅडमने खाली लिहिलंय, "यात तुम्ही कुठे आहात?" मी कुठे असणार, लाँड्रीत. वाफेने बोटं सुजतात, दुपारी धावतपळत जायचं, ओळीखाली पट्टी धरून वाचायचं, नाहीतर एकच ओळ दोनदा वाचली जाते आणि मला पत्ताही लागत नाही. ओठ हलतात माझे वाचताना. पार्लरवालीने सांगितलं म्हणून कळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं मी मनात वाचते.

खरं सांगायचं तर मी वाचत कधी होते? तुझे बाबा होते तेव्हा पेपर ते वाचायचे, मोठ्याने, मी स्वयंपाकघरातून हं हं करायचे. ते गेल्यावर तू वाचायला लागलीस. औषधाच्या बाटलीवरचं असो नाहीतर हॉस्पिटलचं परिपत्रक, कागद आला की तो तुझ्या हातात. मी कपड्यांच्या घड्या घालत ऐकायचे. आपल्या घरात वाचणं हे कायम दुसऱ्याचं काम होतं, जसं दिवा बदलणं बाबांचं. आता आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि राग कशाचा येतो सांगू? बाकीच्यांना येतं याचा नाही. बँकवाले काका परवा म्हणाले, फाटक म्हणजे समाज, गाडी म्हणजे काळ आणि चाकं म्हणजे जन्ममरणाचा फेरा. मॅडमने बोट मागितलं, त्यांचंही फिरत राहिलं. त्यांना काही लाज वाटली नाही. हसून बसले खाली. माझे मात्र घरी येईपर्यंत कान गरम. त्यांचं चुकलं की त्यांचं एक उत्तर चुकतं, माझं चुकलं की मीच चुकीच्या जागी आल्यासारखी होते. हे मला तू कधी सांगितलं नाहीस, की तुम्हा वाचणाऱ्यांचंही चुकतं. तू पुस्तकातलं सांगायचीस तेव्हा असं सांगायचीस, जसं काही ते भिंतीवर लिहिलेलं आहे आणि मलाच दिसत नाहीये.

सगळा वर्ग एका गोष्टीवर मात्र एक आहे. बाप दगड आहे. मुलीपेक्षा त्याला ड्यूटी मोठी. पार्लरवाली तर म्हणाली, मी असते तर गाडीतून चप्पल फेकून मारली असती. मीही मान हलवली. पण मला त्या म्हाताऱ्याची बाजू घ्यावीशी वाटत होती आणि घ्यायला काही हातात नव्हतं. माझ्यापेक्षा मुकी माणसं बरी.

मार्चमध्ये तोंडी परीक्षा आहे. बाहेरून परीक्षक येणार. एक कथा घ्यायची आणि तिच्याबद्दल स्वतःचं सांगायचं, गाईड नाही, पाठांतर नाही. त्याशिवाय पुढच्या वर्गात घेत नाहीत. मी तिथे जाऊन काय, चादरींच्या घड्या घालून दाखवू?

सोडतेच मी.

आई

*

बुधवार, ९ ऑक्टोबर

शहाणे,

सोडलं नाही. का ते विचारू नकोस, तुला माहीत आहे. पण जे झालं ते ऐक.

लायब्ररीचं पुस्तक धुतलं गेलं.

चहाच्या सुट्टीत मी ते वाचत होते. हो, तीच फाटकवाली कथा, चिडून चिडून परत तीच. सुट्टी संपली तशी एप्रनच्या खिशात कोंबलं. पाळी सुटली, एप्रन उतरवला, मळक्या कपड्यांच्या ट्रॉलीत टाकला आणि कॉलेजला पळाले. वर्गात पिशवी उघडली तेव्हा आठवलं, पुस्तक एप्रनच्या खिशातच राहिलं. परत धावत गेले तर मशीन थांबलेलं, दार उघडलेलं आणि ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या चादरींवर जिकडेतिकडे कागदाचा भुगा. मुकादम कमरेवर हात ठेवून उभा. म्हणाला, बाई, तुम्ही शिकायला जाता की कागदाच्या कारखान्यात? थिएटरचे कपडे आहेत हे, एक कण राहिला तर डॉक्टर माझी चादर करतील. बसा वेचायला.

बसले. वर्ग बुडाला तो बुडालाच. पहिल्यांदा नुसती रडत होते. मग वेचता वेचता लक्षात आलं की सगळा भुगा नाहीये. पुस्तकाच्या मधल्या पानांचा एकमेकांना चिकटून गठ्ठा झाला होता, त्याचे तुकडे निघत होते आणि काही तुकड्यांवर अक्षरं शाबूत होती. एक तुकडा निघाला, "झेंड्याची काठी". मला लगेच कळलं कुठला. तो काठी काखेतून काढून हातात घेतो तिथला. दुसरा निघाला, "दांड्याला धरून". ती डब्याच्या दारात उभी आहे तिथला. "वंगणाचा वास". चाकं जवळून जातात तेव्हाचा. मी एकेक तुकडा चिमटीत धरत होते आणि मागचंपुढचं सगळं डोळ्यांसमोर येत होतं. शेजारची धोबीण विचारायला लागली, हसताय काय? म्हटलं, ओळखीचे लोक भेटतायत.

आणि मग एक तुकडा निघाला, "फाटक अजून बंद".

हा मला लागेना. पहिल्यांदा वाटलं, सुरुवातीचा असेल, गाडी यायच्या आधी तो फाटक लावतो तिथला. पण तिथे "अजून" कशाला येईल? नुकतंच तर लावलेलं असतं. बराच वेळ तुकडा हातात धरून बसले. पुस्तक विचारायला पुस्तकच राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पार्लरवालीचं पुस्तक मागून घेतलं आणि वर्गाबाहेरच्या जिन्यात बसून शोधलं. सापडलं. मी पाठ केलेलं जे पान होतं ना, त्याच पानावर, अगदी तळाला. गाडी निघून गेली आहे, धूळ बसली आहे, आणि पुढे लिहिलंय: "फाटक अजून बंद होतं. रोजच्या दूधवाल्या ट्रकने हॉर्न दिला." बस्स. पान उलटलं की मुलगी तिच्या डब्यात.

हे मी वर्गासमोर म्हणून दाखवलं होतं. अक्षर न चुकता. तोंडातून गेलं आणि मला दिसलं नाही. सगळे मुलीबरोबर गाडीत बसून निघून गेलो, मागे म्हातारा काय करतोय ते कोणी वळून बघितलंच नाही.

गाडी गेली तरी त्याने फाटक उघडलं नाही, गं. रोजचं काम, हात आपोआप करेल असं. त्याला जमलं नाही.

मला एवढा आनंद झाला की कुणाला सांगू असं झालं. तुला सांगावंसं वाटलं पहिल्यांदा. तू फोन उचलत नाहीस.

आई

ता.क. लायब्ररीतल्या बाईने पुस्तकाचं काय झालं विचारलं. खरं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.

*

मंगळवार, २२ ऑक्टोबर

शहाणे,

वर्गात बोलले. बोट पानावर होतं आणि या वेळेस फिरलं नाही.

दोन वाक्यं वाचली आणि म्हटलं, हा माणूस दगड नाही. पार्लरवालीने पान उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, अय्या, हे कधी लिहिलं? मला वाटलं, जिंकले.

कसली जिंकतेय. बँकवाले काका उठले आणि म्हणाले, मागून दुसरी गाडी येणार असेल, म्हणून बंद ठेवलं असेल, त्यात काय एवढं? मॅडमही म्हणाली, हे होऊ शकतं. किंवा गाडी नजरेआड होईपर्यंत उघडू नये असा नियम असेल. म्हणजे उलट तो इथेही नियमच पाळतोय. कर्तव्यच करतोय.

खाली बसावं असं वाटलं. नेहमीसारखं, तुमचंच बरोबर असेल म्हणून. पण म्हातारा तिथे उभा होता ना, फाटकाशी. मी बसले असते तर तो पुन्हा दगड झाला असता. मी परत पानाकडे बघितलं. आणि म्हटलं, मग ट्रकवाल्याने हॉर्न का दिला? लिहिलंय, रोजचा दूधवाला ट्रक. जो रोज त्या फाटकावर थांबतो त्याला माहीत असणार, दुसरी गाडी कधी असते, नियमाने किती थांबायचं. नेहमीपेक्षा जास्त वेळ झाला म्हणूनच त्याने हॉर्न दिला.

काका म्हणाले, ट्रकवाले उगाचही हॉर्न देतात. सगळे हसले. मीही हसले, कारण देतातच.

मॅडमने तिचं स्वतःचं पुस्तक उघडून त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या, सावकाश. म्हणाली, तुमचं वाचन टिकतं. पण माझंही पडत नाही. मी विचारलं, मग बरोबर कोणाचं?

ती म्हणाली, "ते तुम्हाला कोणाकडून ऐकायचंय?"

घंटा झाली आणि ती गेली. असा संताप आला म्हणून सांगू. एवढं घसा कोरडा करून निकालच नाही म्हणजे काय? लाँड्रीत डाग निघाला की निघाला, राहिला की राहिला. घरी येताना मनात तिच्याशी भांडले, काकांशी भांडले, ट्रकवाल्याशीही. भाजी आपटून चिरली. आणि त्याच रागात पुस्तक उघडलं आणि पुढची कथा वाचायला घेतली, बघू हिच्यात तरी काय लपवलंय म्हणून. बरीच पानं झाल्यावर लक्षात आलं, पट्टी टेबलावरच राहिली होती.

पण तिचा प्रश्न काही डोक्यातून जात नाही. कोणाकडून ऐकायचंय. तुला सांगू? मला वाटत होतं, तुझ्याकडून. तू म्हणावंस, बरोबर आहे आई, म्हणजे मग ते बरोबर. म्हणून तर ही एवढी पत्रं. आता वाचून बघते तर जवळजवळ प्रत्येक पत्रात मी तुझ्यापुढे वही धरून उभी आहे.

आई

*

सोमवार, ३ मार्च

शहाणे,

तुझं पत्र आलं. एवढ्या महिन्यांनी. मावशीला फोन करून सांगितलं तर ती रडली, मी नाही. मी आधी वाचलं.

चांगलं लिहिलंयस. तब्येत विचारलीस, गुडघा विचारलास, पुस्तक धुतल्याचं वाचून खूप हसलीस हेही कळवलंस. मला बरं वाटलं, खोटं का बोलू. मग खाली ती कथा समजावून सांगितलीस. तुलाही ती होती शिकायला. तू लिहितेस, "आई, तू त्या ओळीत फार गुंतू नकोस. तो बाप व्यवस्थेचा माणूस आहे. त्याला भावना नाहीत असं नाही, पण त्याने आयुष्यभर फाटकं लावलीत, मुलीसाठीसुद्धा त्याच्याकडे बंद फाटकच आहे. तोंडीला असंच सांग, परीक्षक खूश होईल." आणि शेवटी, "तू इतकं करतेयस, मला खूप कौतुक वाटतं."

गेल्या जूनमध्ये हे पत्र आलं असतं ना, तर मी ते पाठ केलं असतं. स्वल्पविरामासकट. आणि छाती फुगवून म्हणून दाखवलं असतं, माझ्या मुलीने सांगितलंय म्हणून.

आज मी ते टेबलावर ठेवलं, शेजारी पुस्तक उघडलं आणि तुझ्या एकेका वाक्याला विचारलं, तू कुठल्या ओळीवर उभं आहेस? व्यवस्था सापडली नाही. आयुष्यभर लावलेली फाटकं सापडली, पण बाई, तेवढ्याच वेळा उघडलेलीही आहेत, ती तू मोजायला विसरलीस. आणि तळाच्या त्या दोन ओळींबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. गुंतू नकोस म्हणालीस आणि पुढे गेलीस. का? मला वाटतं, तू ही कथा कायम गाडीत बसून वाचलीस. तू दारात उभी आहेस, बाप वर बघत नाही, तुझा हात तसाच राहिलाय, आणि तू पान उलटलंस. वाचणाऱ्याला एवढी घाई बरी नाही.

तुझं चुकलंय. सरळ सांगते. मॅडमचं आणि माझं जुळत नाही, पण ती निदान थांबून वाचते. तू थांबलीच नाहीस. आणि कौतुकाचं म्हणशील तर ते ठेव तुझ्याजवळ. चालायला लागलेल्या पोराचं करतात तसलं कौतुक मला नको.

परवा तोंडी आहे. मी फाटकच घेतलंय. तू सांगितलंस ते मी सांगणार नाही, माझं सांगणार आहे. परीक्षक खूश होईल की नाही माहीत नाही. नापास झाले तर पुन्हा बसेन, पण म्हाताऱ्याला दगड म्हणून पास व्हायचं नाही मला.

आता जूनमध्ये जे लिहिणार नाही म्हटलं होतं ते लिहिते. तुला माफी मागायला म्हणून नाही आणि मागून घ्यायलाही नाही. तू एवढी शिकलीस म्हणून.

तू निघालीस त्या सकाळी मी कामावर गेले. ते तुला दिसलं, ते तू मावशीला सांगितलंस, मैत्रिणींना सांगितलं असशील. पण मी त्या दिवशी काम केलं का, हे तू कधी विचारलं नाहीस. तुझी बस सुटायच्या वेळेला मी धुतलेल्या, वाळलेल्या, घड्या घालून ठेवलेल्या चादरींची भरलेली ट्रॉली ओढत नेली आणि सगळ्या चादरी एकेक उलगडून परत मशीनमध्ये घातल्या. मुकादम धावत आला. काय करताय म्हणाला. म्हटलं, डाग राहिलेत.

डाग नव्हते.

आता उत्तर लिहिशील तेव्हा समजावून सांगू नकोस. भांड. मला कळेल.

आई